भट्टीतली कांडी

कंदील जरा बारीक करा रं. माझा साडू बन्सी, केंदूरचा, त्याच्या तोंडून ऐकलं ते सांगतो. गडी खोटं बोलनारा न्हवं.

साल शहात्तर. वीस डिसेंबर, सोमवार. कोरेगाव भीमाच्या अलीकडं एक कारखाना व्हता, आता न्हाई. तिथं जेट विमानाच्या इंजिनासाठी नवा धातू बनवायचे, हजार डिग्रीला बी नरम न पडनारा. त्याची कांडी भट्टीत टांगायची, खाली वजन अडकवायचं, आन् रात्रंदिवस बघायचं, लांबती का. रातपाळीला ते काम बन्सीचं.

रातच्या नऊ वाजता कारखान्याच्या साहेबांनी त्याला बोलावलं. "भट्टीखोलीत मच्छिंद्रची वही आहे. तिचं शेवटचं पान फाडून आण. सकाळी दिल्लीची माणसं तपासणीला येताहेत."

मच्छिंद्र धातू ओतायचा. आठ दिवसांमागं साचा फुटला आन् त्यो जळून मेला. "साचा वला हाय, ओतलं तर फुटंल," असं त्यानं सांगितलं व्हतं, वहीत शेवटच्या पानावर लिवलं बी व्हतं. साहेबांनीच दामटलं. वर गावभर सांगितलं, गडी पिऊन आला व्हता! आरं, ज्यानं जन्मात थेंब शिवला न्हाई, त्याला दारुडा ठरवला. त्याच्या बायकोसमोर, मढं दारात असताना! आजबी माझ्या अंगाची आग व्हती.

बन्सीला बी चीड आली. पर नोकरी व्हती. गेला.

वही उघडली. पान धरलं. मागं भट्टीचं झाकण वाजलं...

खोलीत कोन न्हवतं.

पुन्हा पान धरलं. जळक्या केसांचा वास आला. मानंवर ऊन वाफ.

"बन्सी..."

त्यो वळला न्हाई.

"मी पिऊन व्हतो का रं?"

आवाज मच्छिंद्रचा. रडका न्हाई. संतापलेला.

"न्हाई... न्हाई रं दादा."

मग काहीच न्हाई.

बन्सीनं आतनं कडी घातली. साहेब दोनदा दार बडवून गेला. त्यानं उघडलं न्हाई. सकाळी पाहुन्यांसमोर वहीतलं पान मोठ्यांदा वाचलं आन् साहेबाकडं बोट केलं. "ह्यानं मारला!"



दुपारी भट्टी गार करून कांडी काढली. लांबीला केसभर बी वाढली न्हवती.

पर तिच्यात पाच बोटं रुतली व्हती. मूठ आवळावी तशी.