शिमग्यापर्यंत चाललेला नाताळ

"मैं अब तुमसे प्यार नहीं करता, मार्था!"

महाड-पोलादपूर एसटीत हे वाक्य एवढ्या मोठ्याने घुमलं, की कंडक्टर महिपतीचा तिकिटाच्या मशीनवरचा अंगठा जागीच थांबला. गतिरोधकावर गाडी उडाली होती, नीलाच्या इयरफोनची वायर निसटली होती आणि एका परदेशी नवऱ्याचं लफडं अख्ख्या गाडीच्या मालकीचं झालं होतं. नीला पंचायत समितीत क्लार्क. वय चौतीस, म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत 'आता काय बोलायचं'. तिने मोबाईल ओढणीखाली दडपला.

शेजारचा माणूस खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग... मार्था काय म्हणाली?"

हा सुहास. पोलादपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. आवाज इतका मऊ, की इंजेक्शन घेताना म्हशीसुद्धा लाजत असाव्यात, असं नीलाला उगाच वाटून गेलं.

तो जुना रस्ता आता चौपदरीखाली गेला आणि त्याच्यासोबत तो गतिरोधकही. नीलाला मात्र त्याची जागा अजून बोट ठेवून दाखवता येते.

त्या डिसेंबरात दोन्ही तालुक्यांतल्या बायका हिंदीत आणलेली ती एकच परदेशी मालिका बघत होत्या. बर्फ, झाडावर दिवे आणि नाताळच्या तोंडावर नवऱ्याची बाहेर भानगड. नायकाचं नाव कुणालाच उच्चारता येत नसल्यामुळे तो 'स्वेटरवाला' झाला होता. पिकलेली दाढी, निळे डोळे... आणि बायकोला फसवताना चेहऱ्यावर असं काही दुःख, की फसवणूक जणू त्याचीच चालली आहे!

"मी काही बघत नाही मालिका," सुहास म्हणाला. "तुम्ही सांगाल?"

दुसऱ्या दिवशी नीला स्टँडवर पोहोचली, तर खिडकीतून टाकलेल्या एका हातरुमालाने तिची जागा धरून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी सुट्टे पैसे देताना महिपती तिच्या कानाशी वाकला. "बाय, त्याला कसली ष्टोरी सांगतेस गो? त्याचीच बायको दुसऱ्याबरोबर पुण्याला गेली. फारकत झाली. घरात बोलायला कोण नाय त्याच्या."

पुढच्या सकाळपासून स्वेटरवाला सुधारला.

"मग ती ऑफिसातली बाई?" सुहासने विचारलं.

"ती... त्याची बहीण निघाली. लहानपणी हरवलेली."

"पण परवा तुम्हीच सांगितलंत, त्या झाडाखाली दोघांनी एकमेकांचा... म्हणजे..."

"तिकडे तशी पद्धत असते," नीला ठामपणे म्हणाली.

"भावाबहिणींत?"

"नाताळात."

सुहासने गंभीरपणे मान डोलावली.

तिथून पुढे स्वेटरवाला रोज वेळेवर घरी येऊ लागला, मार्थाला बटाटे सोलून देऊ लागला. मार्थाच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दिराने बांधावरून भांडण काढलं. परदेश हळूहळू महाडसारखा दिसू लागला. खरी मालिका नाताळात संपली, पण नीलाची शिमगा आला तरी चालूच. कारण गोष्ट संपली, की रुमाल टाकायला निमित्त काय उरणार?

आणि मग एके दिवशी पुढच्या सीटवरची सेजल, कॉलेजातली पोरगी, वळून म्हणाली, "अय्या ताई, ती नाताळची मालिका ना? पण तो तर शेवटी मार्थाला सोडून त्या बाईबरोबरच जातो! आणि बहीण कसली?"

नीलाने सुहासकडे बघितलंच नाही. बायको सोडून गेलेल्या माणसाला आपण इतके दिवस लहान मुलासारखं फसवत आलो... त्याला हे कळल्यावर तो काय म्हणेल? पोलादपूरला ती मागे न बघता उतरली.

दुसऱ्या दिवशी तिने नेहमीची गाडी मुद्दाम सोडली. कॅन्टीनच्या आडोशाला उभी राहिली, धूळ उडवत गाडी गेली, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं. मागची गाडी लागली. ती चढली.

खिडकीजवळच्या जागेवर रुमाल होता; नेहमीची गाडी त्यानेही सोडली होती. आणि शेजारी सुहास... अंगात जाडजूड हिरवा स्वेटर! मार्चचं ऊन, महाडची हवा, कपाळावरून घामाच्या धारा. छातीवर दोन पांढरी हरणं, थेट मालिकेतल्या स्वेटरसारखी.

"अहो, हे काय?" नीला कशीबशी म्हणाली. आणि मग थबकली. "हरणांचं मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं..."

"नाही सांगितलंत."

"म्हणजे तुम्ही—"

"नाताळपर्यंत सगळे भाग बघून झाले होते. त्याच रविवारी आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलो, हा घेतला. घालायची हिंमत मात्र आत्ता झाली."

"मग रोज ऐकत का बसलात? खोटं होतं सगळं."

सुहासने रुमाल उचलून तिला जागा करून दिली. गाडी सावित्रीच्या पुलावर आली.

"त्यांच्या मालिकेतला नवरा निघून गेला," तो म्हणाला. "तुमच्यातला रोज घरी जेवायला यायचा. मला... तुमच्या घरात राहायला आवडायला लागलं, नीला."

तिने त्याच्या हातातला रुमाल घेतला आणि त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. रुमाल परत घेताना त्याने तिचा हातही धरून ठेवला. पुढच्या दोन सीटा एकदम मागे वळल्या.

"अहो... लोक बघतायत."

"बघू देत," सुहास म्हणाला. "विचारलं कुणी, तर सांगा... इकडेही तशी पद्धत असते."

"कधी?"

"शिमग्यात."