पुटूमामाचं तळघर

पुटूमामाचं तळघर त्याच्या आजोबांनी गोठलेल्या जमिनीत खोदलेलं. वसंतात देवमासा मिळाला की उत्तर ध्रुवाकडचं आमचं सारं गाव मांस कापायला लोटायचं. मामा खाली तुकडे रचायचा आणि माझी आई शिडीच्या तोंडाशी वाकून ओरडायची, “पुटू, रचतोयस की खातोयस?” त्या थंडीत मांस वर्षभर दगडासारखं टिकायचं.

आई गेली. तळघराच्या भिंतींनाही आता पाणी सुटलं होतं. यंदा समुद्रावरचा बर्फ लवकर फुटला, देवमासा मिळालाच नाही, आणि जुनं मांस कुजलं. गावासाठी जमिनीचं तापमान मी मोजते. तळघर बुजवा, हा सल्ला माझाच.

“बुजव. पण आधी घाण तरी वर काढू,” मामा म्हणाला.

भर उन्हाळ्याची दुपार होती. आम्ही खाली उतरलो. घोटाभर चिखल, नाकात जाणारा आंबूस वास. मागच्या कोपऱ्यात मात्र वास नव्हता. तिथं कोरडी थंडी होती, भिंतीवर पांढरं हिव धरलं होतं, आणि खाली मांसाचा एक मोठा तुकडा पडला होता. मी तापमापक टेकवला. पारा शून्याच्या वरच.

मामानं सुरी लावली. लालभडक, ताजं रक्त आलं.

“मामा, यंदा मासा मिळालाय कुठं?”

“हळू बोल.” त्यानं भिंतीला कान लावला. मग गालात हसला आणि भिंतीलाच म्हणाला, “रचतोय गं, रचतोय!”

मला फक्त ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

आमच्यात देवमासा एकट्यानं खात नाहीत. घरोघर वाटे गेले, लोक मामाच्या अंगणात जमले. नायुकआजी डोळे मिटून चघळत राहिली.

“हीच ती चव गं! माझ्या लग्नातली.”

जुन्या गोष्टी निघाल्या. गेलेल्यांच्या नकला झाल्या, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. तपासणीसाठी बाजूला ठेवलेला तुकडा मीही खाऊन टाकला.

ऊन चटकत होतं. लोकांनी जाकिटं काढून ठेवली होती. नायुकआजी माझ्याकडे वळून काही सांगू लागली, आणि तिच्या तोंडून वाफ निघाली, ऐन हिवाळ्यात निघते तशी. मग मामाच्या. मग सगळ्यांच्याच. कुणाचं लक्ष नव्हतं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.