उबवणी केंद्रातले मणी

“थांबा! आधी पाय बुडवा.”

दारातल्या जांभळ्या औषधी पाण्याकडे केंद्र सांभाळणाऱ्या तरुणानं बोट दाखवलं. पिल्लांना रोग लागू नये म्हणून! एका हातात सूक्ष्मदर्शकाची पेटी, दुसऱ्यात थर्मास... मी मुकाट्यानं पाय बुडवले.

दुसऱ्या कॉलेजातलं यंत्र गाठायला निघाले होते, तर माझी एसटी वडनेर भोलजीला बंद पडली आणि समोरच पाटी दिसली — अंडी उबवणी केंद्र. म्हणजे कायम सदतीस अंश! मला तेच तर हवं होतं.

“मी मंजुश्री. हे माझे जेलचे मणी, मोहरीएवढे. ऊब लागली की कडक होतात. सर म्हणतात, तापल्यावर सगळं मऊच होतं, तूच गरम-गारच्या चिठ्ठ्या उलट्या लावल्या! उद्यापर्यंत सिद्ध केलं नाही, तर शोधनिबंधातून माझं नाव बाद. अन् आमच्या कॉलेजचं ऊब देणारं यंत्र बिघडलंय.”

“मी धम्मदीप.” तो हसला. “अंडं उकळल्यावर कडक होते का मऊ, हे सरले ठाऊक नाही का?”

मी खुदकन हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला होता... आणि मेल्याचे डोळे किती मिश्कील!

“पण मॅडम, माहीत असून मोजसान तं सर म्हणतीन, आकडे मनचे. फोटो मी काढतो. सहा मणी गरम खोलीत, सहा अंड्याइच्या गार खोलीत. कोणता नंबर कुठला, ते मी लिहून खिशात ठेवतो.”

त्यानं प्रत्येक मण्यावर सारखीच काच ठेवून फोटो काढले. जो कमी चपटा, तो कडक. मी फोटोतले मणी मोजत बसले. तो चहा सरकवत म्हणाला, “सांगू का?”

“खबरदार!”

शेवटी मी डोळे मिटून म्हणाले, “दोन, तीन, सात, आठ, दहा, बारा — कडक.”

त्यानं कागद उलगडला. चेहरा गंभीर.

“सहाच्या सहा... गरम खोलीतले!”

मी आनंदानं किंचाळलेच. सगळं सरांना पाठवलं, मग फोन केला. फोटो स्वतः मोजून ते म्हणाले,

“चूक माझी, मंजुश्री. निबंधात पहिलं नाव तुझंच.”

पुढे महिनाभर रोज वडनेर. एकेका अंशावर मोजायचं होतं ना! कामापेक्षा गप्पाच जास्त झाल्या, हे सरांना कशाला सांगू? ‘मॅडम’चं ‘मंजू’ कधी झालं, कळलंही नाही.

निबंध छापून आला, तो घेऊन मी धावतच गेले.

“माह्यं नाव कुठी हाय?”

“शेवटी. आभारात.”

“बस, एवढंच?” त्याचा चेहरा पडला. “मले तं... तुह्या नावाशेजारी पायजे होतं, मंजू.”

“मग लग्नपत्रिकेत टाकू,” मी म्हणाले. “चालेल?”

कानापर्यंत लाल झाला बिचारा. “हाव,” एवढंच बोलता आलं त्याला.