बारक्याची घासाघीस

"चढवू का टेम्पोत?" मामीच्या शिलाई मशीनवर हात ठेवत दुकानदाराने विचारलं.

"थांबा, घासाघीस तर होऊ द्या," मामा खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला.

मामी गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेली होती. तिचं जुनं मशीन देऊन दुकानदाराने घरी आणलेलं नवंकोरं घ्यायचं आणि तिला चकित करायचं, असा मामाचा बेत होता. त्या जुन्या मशीनवरच अख्खं घर चालत होतं, हे तो साफ विसरला होता.

"वर एक कात्री हवी," मामा म्हणाला.

"घ्या."

"आणि दिवा."

"तोही घ्या."

"आणि... स्टूल?"

"न्या की! दुकान तुमचंच आहे."

मामाने सुट्टीला आलेल्या भाच्यांकडे ऐटीत पाहिलं. "घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आणि घासाघीस केल्याशिवाय वस्तू घरात घ्यायचीच नाही, काय?"

बारक्याने मान डोलावली आणि तो स्वयंपाकघरात पळाला.

ताईच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. कालच हा माणूस दुकानात एका आजीबाईंशी चार बटणांसाठी हुज्जत घालत होता. आज एकदम दानशूर कर्ण?

"काका, नवं मशीन चालवून दाखवा ना," ती म्हणाली.

"आज नको. तेल वाळायचंय अजून."

"तू मध्ये बोलू नकोस गं," मामाने दटावलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. खस्स, खस्स, खस्स! नव्या मशीनपुढे मांडी ठोकून बारक्या भांड्यांच्या काथ्याने ते जोरजोरात घासत होता.

"ए, काय करतोस?" दुकानदार ओरडला.

"घासाघीस. मामा म्हणाला, केल्याशिवाय घ्यायचंच नाही."

चकचकीत काळा रंग पापुद्र्यांनी निघाला होता. खाली नुसता गंज, आणि मधोमध मेणाने बुजवलेली लांबलचक भेग!

"तेल कधी वाळतं का हो?" मघापासून दारात उभ्या असलेल्या मामीने विचारलं. तिने आत येऊन चाक फिरवलं. ते कर्रर्र करून जागीच अडकलं.

दुकानदाराने आपलं मशीन उचलून काढता पाय घेतला. मामीने जुन्या मशीनवरून हात फिरवला, मग मामाकडे वळली. "पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! पोरं नसती तर उद्या मी शिवलं कशावर असतं?"

मामाने मान खाली घातली.

"अरे वेड्या," ताई हसत बारक्याला म्हणाली, "घासाघीस म्हणजे भाव पाडण्यासाठी ओढाताण. घासणं नव्हे."

"असू दे," मामीने दोघांना जवळ घेतलं. "शंका घ्यावी तर ताईसारखी आणि घासाघीस करावी तर बारक्यासारखी."

मग तिने काथ्या मामाच्या हातात दिला आणि फरशीवरचे काळे डाग दाखवले.

"उरलेली तुम्ही करा."