दोन लिटरचे कोडे

सूर्यशेत वसाहतीच्या शाळेत त्या आठवड्यात एक अजब गोष्ट घडत होती. पाणी वाचवणारी शौचालये बसवली, आणि पाणी जास्तच खर्च होऊ लागले!

जुन्या कमोडचे बटण एकदा दाबले की दहा लिटर पाणी जायचे. नव्याचे दाबले की फक्त दोन. मग पाणी कितीतरी जास्त वेळ पुरायला हवे होते, नाही का? वसाहतीतल्या प्रत्येक इमारतीला दिवसाचे पाणी ठरवून दिलेले असे. दारावरच्या जलमापकावर (किती पाणी उरले ते दाखवणाऱ्या यंत्रावर) हिरवा आकडा दिवसभर उतरत जाई. पूर्वी तो शाळा सुटेपर्यंत टिकायचा. आता दुपारी दोनलाच शून्यावर यायचा आणि सगळे नळ गप्प व्हायचे.

सहावीतली मैथिली दुधाळ शाळेच्या मंत्रिमंडळात पाणीमंत्री होती. हे कमोड तिनेच निवडले होते. मुख्याध्यापिका बाबर मॅडमनी माहितीपत्रके तिच्यापुढे ठेवली, तेव्हा तिने सगळ्यात लहान आकडा शोधून त्यावर बोट ठेवले होते. परिपाठाच्या वेळी तिने त्यावर जोरदार भाषणही ठोकले होते. टाळ्या पडल्या होत्या.

गुरुवारी खो-खोच्या सरावात तिची मैत्रीण नसरीन मुलाणी धावता धावता खाली बसली आणि तशीच आडवी झाली. तिला सावलीत नेले, मीठ-साखरेचे पाणी पाजले. थोड्या वेळाने तिचा चेहरा जरा बरा दिसू लागला.

"सकाळपासून किती पाणी प्यायलीस?" बाबर मॅडमनी विचारले.

नसरीन मैथिलीच्या कानाशी लागून म्हणाली, "एक घोटसुद्धा नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि तिथे जाववत नाही गं. कितीही बटण दाबा, घाण तशीच. बऱ्याच जणी पाणी पीतच नाहीत."

मैथिलीच्या मनात आले, आपण पाणी वाचवायला निघालो आणि आपल्याच मैत्रिणी तहानेल्या राहिल्या!

तिने हे मॅडमना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मैथिली, सोमवारी नव्या वसतिगृहाच्या चाळीस कमोडची मागणी कळवायची आहे. हे नको असतील तर जुने दहा लिटरचे घेऊ. पण शाळेच्या पाण्यातच वसतिगृहाचंही भागवायचं, म्हणून मग शाळेची बाग बंद करावी लागेल. विचार कर."

त्या संध्याकाळी मैथिली थेट मामाआजोबांकडे गेली. मामाआजोबा म्हणजे तिच्या आईचे मामा, डॉ. यशवंत लवटे. आई पाहुण्यांना सांगायची, "मामा अंतराळशास्त्रज्ञ होते." की लगेच मामाआजोबा आतून ओरडायचे, "अंतराळस्थानकातले संडास बनवायचो मी! तीस वर्षं! नीट सांग की!"

मैथिलीने सगळे सांगितले. मामाआजोबांनी चष्मा पुसला.

"चूक तुझी नाही, तू विचारलेल्या प्रश्नाची आहे," ते म्हणाले. "एकदा बटण दाबलं की किती पाणी जातं, एवढंच तू विचारलंस. एका माणसाला ते किती वेळा दाबावं लागतं?"

"ते मी मोजलंच नाही," मैथिली म्हणाली.

"मग मोजू या. गांडूळराव, चला!"

कपाटाखालून मनगटाएवढा जाड, वळ्यावळ्यांचा एक यंत्रमानव सरपटत बाहेर आला. नळांमध्ये शिरून तपासणी करणे हे त्याचे काम. "पाइप कोरडा आहे का ओला?" त्याने बारीक आवाजात विचारले. "ओला असेल तर मी अंघोळ उद्याच करीन."

शुक्रवारी मधल्या सुट्टीत गांडूळराव मुलींच्या शौचालयाच्या सांडपाणी नळात जाऊन बसला आणि पाणी आल्याचे आवाज मोजत राहिला. मैथिली दाराबाहेर उभी राहून आत जाणाऱ्या मुली मोजत होती. मुली चाळीस झाल्या, आणि बटण दाबले गेले दोनशे वेळा! शिवाय वीस मुलींनी वैतागून वर दहा लिटरची बादलीही ओतली होती.

संध्याकाळी मामाआजोबांकडे बसून मैथिलीने वहीत गणित मांडले. प्रत्येकीने सरासरी पाच वेळा बटण दाबले, म्हणजे दहा लिटर झाले. निम्म्या जणींची बादली सगळ्यांत वाटली, तर आणखी पाच. "पंधरा लिटर!" ती ओरडली. "मामाआजोबा, दोन लिटरचा कमोड पंधरा लिटर पितोय!"

"छान. पण एका दाबात तो स्वच्छ का होत नाही? तेही बघू."

मामाआजोबांनी अंगणात थोडे पाणी भरलेले एक पारदर्शक भांडे ठेवले. त्याच्या बुडाशी मागून एक काचनळी निघत होती. हत्तीने सोंड वर उचलून पुन्हा खाली सोडावी, तशी ती आधी वर जाऊन मग खाली वळली होती. "प्रत्येक कमोडच्या पोटात अशी वाकडी नळी असते," ते म्हणाले. "वळणात पाणी साचून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. आता भांड्यात पाणी ओत. बारीक धार धर."

मैथिलीने एक लिटर पाणी हळूहळू ओतले. जेवढे ओतले तेवढेच पाणी वळणावरून ओघळून पलीकडे गेले. भांड्यात टाकलेली चिंचोके भरलेली पुरचुंडी जागची हललीसुद्धा नाही.

"आता तेवढंच पाणी एकदम ओत."

तिने तांब्या उपडा केला. सोंडेसारखी नळी काठोकाठ भरली, 'घळ्ळ्!' असा आवाज झाला आणि सगळे पाणी पुरचुंडीसकट पलीकडे खेचले गेले.

"पाणी तेवढंच होतं!" मैथिली थक्क झाली.

"होय. पण नळी पूर्ण भरली की पलीकडे खाली पडणारं पाणी आपल्या वजनाने मागचं पाणी ओढून घेतं. याला वक्रनलिका-ओढ म्हणतात (वाकड्या नळीतून पाणी स्वतःच्याच वजनाने खेचले जाणे). धार बारीक असेल तर नळी भरत नाही, आणि ओढ सुरूच होत नाही. म्हणून किती पाणी, यासोबत ते किती वेगाने येतं हेही बघायचं. टाकी उंच असली की पाणी जोरात येतं. टाकीच्या तळाची झडप (पाणी सोडणारे झाकण) रुंद असली की ते एकदम येतं. आणि आतली नळी रुंद व गुळगुळीत असली की काही अडकत नाही."

शनिवारी शाळेत जाताच मैथिलीने तिथल्या कमोडची टाकी उघडून पाहिली. झडप जेमतेम लिंबाएवढी होती.

मग तिने मॅडमना सांगून तीन नमुने मागवले: दोन लिटरचा, चार लिटरचा आणि सहा लिटरचा. मामाआजोबांनी येऊन ते शाळेच्या अंगणात ओट्यावर बसवले आणि त्यांच्या सांडपाणी नळात गांडूळराव शिरला. खानावळीतली अळ्या पडलेली कणीक टाकून द्यायची होती, ती मैथिलीने मागून घेतली. ती आणि नसरीन मिळून पन्नास पन्नास ग्रॅमच्या लांबट वळ्या वळत बसल्या.

बाबर मॅडम आल्या आणि ताटाकडे बघून म्हणाल्या, "अरे वा, आज शेंगोळे का?"

दोघी हसून हसून लोळल्या. मामाआजोबांनी खरे काय ते सांगितले, तेव्हा मॅडमही पदराने डोळे पुसू लागल्या.

"माणसाच्या एका वेळच्या विष्ठेचं वजन फार तर पाव किलोच्या आसपास," मामाआजोबा म्हणाले. "थोडी ताकद राखून ठेवायची, म्हणून साडेतीनशे ग्रॅम तरी एका दमात गेलंच पाहिजे."

बटण दाबायचे काम नसरीनने घेतले. दोन लिटरच्या कमोडने तीन वळ्या नेल्या, चौथी मात्र अडकली. "दीडशे ग्रॅम," मैथिलीने लिहिले. मग तिने मोठ्या आशेने सहा लिटरवाल्याकडे पाहिले. पाणी बरेच आले, पण संथ, गोल गोल फिरत. सहा वळ्या गेल्या आणि सातवी तळाशीच राहिली. तीनशे!

"आता चार लिटर," नसरीन म्हणाली. पहिल्यांदा सात वळ्या टाकल्या. घळ्ळ्! साफ. नऊ टाकल्या. साफ. बारा टाकल्या, तरी एकही राहिली नाही.

"सहाशे ग्रॅम! सहा लिटरवाल्यापेक्षा दुप्पट!" मैथिलीने टाकी उघडली. झडप तळहाताएवढी रुंद होती.

नळातून गांडूळरावाचा आवाज आला. "वळ्या बारा मीटरपर्यंत पोहोचल्या! दोन लिटरच्या वेळी चार मीटरवरच रखडल्या होत्या. माझ्या डोक्यावर एक बसली आहे, पण तक्रार नाही."

चार लिटरच्या नमुन्याला दोन बटणे होती. लहान बटण दाबले की दोनच लिटर पाणी येई. लघवीनंतर तेवढे पुरे होते.

सोमवारी परिपाठाला मैथिली पुन्हा उभी राहिली. "मागच्या वेळी मी फक्त लहान आकडा बघितला," ती म्हणाली. "त्याचा त्रास तुम्हाला झाला. माझं चुकलं. या वेळी आम्ही तपासून निवडलंय. ज्यांना शंका असेल त्यांनी अंगणात येऊन स्वतः बटण दाबून बघा."

मधल्या सुट्टीत अंगणात रांग लागली. कणीक संपली, तेव्हा मुलींनी ओली माती वळून आणली.

पंधरा दिवसांत शाळेतले कमोड बदलले आणि वसतिगृहातही चार लिटरचे बसले. बाग राहिली. शाळा सुटताना मापकावर पाणी शिल्लक दिसू लागले.

एका रविवारी नसरीन आणि मैथिली मामाआजोबांकडे बसल्या होत्या. नसरीनने अचानक विचारले, "आजोबा, चंद्रावर माणसं राहायला गेली, तर तिथे हा कमोड चालेल?"

"अंतराळस्थानकात पाणी खाली पडतच नाही, म्हणून आम्ही हवेने ओढायचो," मामाआजोबा म्हणाले. "पण चंद्रावर..." त्यांनी मैथिलीकडे बघितले.

"चंद्रावर पाणी खाली पडतं," मैथिली विचार करत म्हणाली. "पण त्याचं वजन इथल्या सहाव्या हिश्श्याएवढंच. म्हणजे ओढ कमी. मग टाकी उंच करायची?"

"किंवा झडप आणखी रुंद," नसरीन म्हणाली.

"किंवा दोन्ही! थांब, कागद दे."

दोघी जमिनीवर पालथ्या पडून चित्र काढू लागल्या. मामाआजोबांनी हळूच पेन्सिलींचा डबा त्यांच्याजवळ सरकवला आणि ते चहा ठेवायला उठले.