आदल्या दिवशीची तक्रार

"बाई, ह्या तक्रारीवर कालची तारीख आहे."

बोटकचेरीच्या जाळीपलीकडून आवाज आला आणि गोदाने मान वर केली. अशा प्रसंगी बाहेर पाऊस पडत असायला हवा. पण महिना मार्गशीर्षाचा होता आणि रत्नागिरीच्या बंदरावर सुकत घातलेल्या मासळीचा वास सोडला तर हवेत काहीही नव्हतं. जाळीपलीकडे एक तरुण बसला होता. डोळे काळेभोर, कोट एका मापाने मोठा. बोटकंपनीचा नवा कारकून काशीराम, गाव समुद्राकाठचं नाटे.

"असेल," गोदा म्हणाली. "कालच लिहिली."

"पण बोट आज आली."

"मग?"

"माल अजून पडावात आहे. धक्क्याला लागायचाय. अन् तुम्ही लिहिता, साखरेचं एक पोतं खाऱ्या पाण्याने भिजलंय…"

"भिजलं असेल."

"ते तुम्हाला काल कसं कळलं?"

तेवढ्यात पडाव धक्क्याला लागला आणि हमालांनी पोती उतरवली. एकोणीस कोरडी ठणठणीत. विसाव्यातून पाक गळत होता.

काशीरामने पोत्याकडे पाहिलं, मग गोदाकडे पाहिलं. गोदाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

गोदाचे वडील रावजीशेट बाजारपेठेतले व्यापारी. त्यांचा माल मुंबईहून बोटीने येई. बोट खोल पाण्यात थांबे आणि पडाव जाऊन माल किनाऱ्याला आणत. कंपनीचा नियम असा की माल धक्क्यावरून हलवण्याआधी तक्रार द्यायची, लेखी द्यायची आणि इंग्रजीत द्यायची. आता बोट कधी वेळेवर आलेली नाही आणि माल कधी धड आलेला नाही, हा रावजीशेटांचा वीस वर्षांचा अनुभव. तेव्हा तक्रार ते आदल्या दिवशीच तयार ठेवत. ती एकदाही वाया गेली नव्हती.

घरात इंग्रजी लिहिणारी एकटी गोदा. त्यामुळेच एकोणीस वर्षांची होऊनही ती बिनलग्नाची होती. "ही गेली तर तक्रार कोण लिहील?" असं रावजीशेट विचारत, आणि ह्यावर त्यांची बहीण सोनूबाई हिच्याकडे उत्तर नव्हतं. तोंड मात्र होतं. "तुझ्या बोटी बुडोत एकदाच्या!" असं ती दर पंधरवड्याला म्हणे.

जुनं पत्रलेखनाचं पुस्तक वाळवीने खाल्ल्यामुळे रावजीशेटांनी यंदा मुंबईच्या रस्त्यावरून दुसरं आणलं होतं. त्याला पुठ्ठा नव्हता, लेखकाचं नाव नव्हतं, पण 'उशीर व तक्रारी' ह्या प्रकरणात बारा पत्रं होती. छापील पत्रातला एक शब्द बदलला तर पत्र रद्द होतं, अशी गोदाची शाळेपासूनची समजूत. मास्तरांनी ती छडीने पक्की केलेली. म्हणून ती पत्रं जशीच्या तशी उतरवी. पुस्तकात एक पोतं, तर पत्रात एक पोतं. अवघड शब्दांचे अर्थ नंतर सवडीने.

त्या दिवशी रावजीशेटांना ताप होता म्हणून ती बंदरावर गेली होती. ताप दोन दिवसांत गेला. गोदाचं बंदरावर जाणं काही गेलं नाही.

तिसऱ्या पत्रात दिव्यांच्या डझनभर काचांपैकी पाच फुटल्या होत्या. पेटी उघडली. पाच. पाचव्या पत्रात बिस्किटांच्या डब्यात मेलेला उंदीर होता. डब्याचं झाकण काशीरामने स्वतः उघडलं. उंदीर मेलेला होता, पण तृप्त दिसत होता.

"पुस्तकात एखादं चांगलं पत्र नाही का?" झाकण लावत काशीरामने विचारलं.

"तक्रारीच्या प्रकरणात चांगलं कसं असेल?"

"निदान आधी सांगत तरी जा. मी तयारीने येईन."

"तुम्ही तयारीने येतच असता," गोदा म्हणाली. "आज केसांना तेल आहे."

काशीरामने पुढची दोन पत्रं उलटी धरून वाचली.

नववं पत्र कुठल्याशा थंड मुलुखातलं असावं. आकाशातून बर्फ पडल्यामुळे माल अडकला, अशी त्यात तक्रार. हे काही घडायचं नाही, म्हणून गोदाला उतरवताना हसू आलं. दुसऱ्या दिवशी, चैत्रातल्या भर दुपारी, बंदरावर गारा पडल्या. म्हाताऱ्या खारव्यांनीही कधी पाहिल्या नव्हत्या. कचेरीचं पत्र्याचं छप्पर ताशासारखं वाजत राहिलं आणि मग एकाएकी थांबलं. इतकं थांबलं की समुद्राचाही आवाज येईना. कावळे पंख मिटून जमिनीवर बसले होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून.

छपराखाली दोघंच. गोदाच्या केसांत एक गार अडकली होती. काशीरामने हात पुढे केला… आणि तसाच ठेवला. गार वितळून तिच्या गालावर ओघळली.

"मला भीती वाटायला लागलीय," तो म्हणाला.

"पुस्तकाची?"

"पुस्तकाचीही."

गोदा वाट पाहत राहिली. पुस्तकात तीन पत्रं उरली होती.

बारावं पत्र वैशाखातलं, मोसमातल्या शेवटच्या बोटीसाठी. ह्यानंतर पावसाळाभर बोटी बंद. पत्र लांबलचक आणि शब्द अवघड. तिने आदल्या संध्याकाळी ते उतरवलं आणि सकाळी रावजीशेट स्वतः घेऊन गेले; शेवटच्या बोटीचं भांडण त्यांना हौसेने करायचं होतं. गोदा सवयीप्रमाणे शब्दकोश घेऊन बसली.

एकेक शब्द उलगडत गेला. 'आपले कारकून जहाज व किनारा यांच्या दरम्यान बुडून मरण पावल्याचे समजून अत्यंत दुःख झाले. ते नेहमी सौजन्याने वागत.'

प्रत्येक बोटीचे कागद आणायला कारकून पडावातून जात असे. शब्दकोश उघडाच राहिला.

"अगो, चपला!" सोनूबाई मागून ओरडली. "कोण मेला की काय?"

गोदा थांबली नाही.

समुद्र तेलासारखा सपाट होता. लाट किनाऱ्याला लागत होती, पण आवाज न करता. धक्क्याला पडाव, त्यात तांडेल महिपत आणि तीन खारवी. काशीरामचा एक पाय पडावात, एक पायरीवर. हातात तिचं पत्र.

"माझ्या निधनाबद्दल दुःख कळवलंत, आभारी आहे," तो म्हणाला. चेहऱ्याचा रंग मात्र आभाराचा नव्हता. "सौजन्याने वागत… हे तुमचं, की पुस्तकाचं?"

"पुस्तकाचं. उतरा."

"उतरून साहेबाला काय तार करू? व्यापाऱ्याच्या मुलीच्या पत्रात मी बुडालोय म्हणून? नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"नोकरी गेली तर तुमच्या वडिलांकडे कुठल्या तोंडाने… म्हणजे… ते मी आज परत आल्यावर विचारणारच होतो."

गोदाला क्षणभर आनंद झाला. आनंदाला वेळ नव्हता.

"पोहता येतं?"

"नाही."

"नाट्याचे असून?"

"नाट्यात सगळ्यांनाच येतं. त्यामुळे मला शिकवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही."

"साहेब, येताय ना?" महिपत म्हणाला. "भरती सरते आहे."

पाच वर्षं तक्रारी लिहून गोदाला कंपनीचे नियम कारकुनापेक्षा जास्त पाठ होते. ज्या कारकुनाविरुद्ध लेखी तक्रार येईल, त्याने चौकशी होईतो त्या बोटीच्या कामाला हात लावायचा नाही. तिने काशीरामच्या खिशातली पेन्सिल काढली आणि त्याच पत्राच्या पाठीवर लिहिलं. पुस्तकाशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा. इंग्रजी चुकत होतं.

'आपले कारकून काशीराम मार्गशीर्षापासून आमच्याकडे नुसते पाहतात. बोलत काहीच नाहीत. एक प्रश्न त्यांनी सहा महिने अडवून ठेवला आहे. त्यांना ताबडतोब थांबवून उत्तर घ्यावे.'

"काय लिहिलंस?" रावजीशेट कचेरीकडून धापा टाकत आले.

"तक्रार, बाबा."

"कसली?"

"दिरंगाईची."

"शाब्बास!" रावजीशेट म्हणाले.

काशीरामने कागद वाचला. कान लाल झाले. नियम म्हणजे नियम. तो पडावातला पाय काढून धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसला. कागदांची पेटी बसायच्या फळीवर तशीच राहिली आणि पडाव त्याच्याविना निघाला.

वारा नव्हता, लाट नव्हती. अर्ध्या वाटेवर पडाव उलटला. कोणी ताट पालथं घालावं तसा, शांतपणे. चौघेही हाडाचे खारवी, पोहत आले. महिपत सगळ्यांच्या शेवटी पायऱ्या चढला आणि बाकावरच्या कोरड्या काशीरामला पाहून तिथेच खाली बसला.

"साहेब… तुमी आधी कसे आलात?"

"मी गेलोच नव्हतो, महिपत."

"थट्टा करू नका. माझ्यासमोर फळीवर बसला होतात. पेटी मांडीवर घेऊन. काय बोलत नव्हतात, पाण्याकडे बघत होतात. उलटला तवा मीच तुमचा हात धरला." महिपतने आपल्या तळव्याकडे पाहिलं. "गार होता. सुटला."

हमाल, खारवी, रावजीशेट, सगळे काशीरामकडे बघू लागले. काशीरामसुद्धा आपल्या हातांकडे बघू लागला; दोन्ही आहेत का, ह्याची त्याला खात्री वाटत नसावी.

गोदा पुढे झाली आणि साऱ्या बंदरादेखत तिने त्याचं मनगट धरलं. नाडी सशासारखी पळत होती.

"गरम आहे," तिने सगळ्यांना सांगितलं. आणि धरूनच ठेवलं.

"लोक बघताहेत…" तो पुटपुटला.

"बघू देत. तक्रारीला उत्तर द्या."

"उत्तर… हो." मग जरा मोठ्याने, "हो. रावजीशेट, मला तुमच्या गोदाला…"

रावजीशेटांनी त्या मनगटाकडे पाहिलं, मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपल्या तक्रारी आता कोण लिहिणार, हे दुःख गिळलं.

"लेखी द्या," ते म्हणाले.

बोटी बंद झाल्यावर, ज्येष्ठात, लग्न झालं. सोनूबाईने नवऱ्यामुलाला ओवाळताना निरांजन दोनदा त्याच्या नाकाखाली नेलं. श्वासाने ज्योत हलते का, ते पाहायला. हलली.

पुढे संध्याकाळची दोघं मिरकरवाड्याच्या बाजूला फिरायला जात, तेव्हा वाटेत महिपत भेटे. तो थांबून दोनदा रामराम घाली. एकदा काशीरामला आणि एकदा त्याच्या डावीकडे, जिथे कोणी नसे. काशीराम हसून पुढे जाई. गोदा हसत नसे. ती त्याचा उजवा हात घट्ट धरी आणि रस्ता कितीही अरुंद असला, तरी त्याच्या डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून चाले.