चुन्यात अडकलेली किंकाळी

ग्वाटेमालाच्या अरण्यात, एका प्राचीन माया नगरीच्या कडेला उभारलेल्या तात्पुरत्या प्रयोगशाळेत डॉ. शर्वाणी टिपणीस ध्वनिवाचकासमोर बसल्या होत्या. चौकातल्या भिंतीच्या गिलाव्याच्या तुकड्यावरून लेसरशलाका सरकली, तसा आधी ढोल ऐकू आला. मग एका पुरुषाची किंकाळी.

"हीच ती!" दिग्दर्शक हेमांग देवस्थळी उठून उभेच राहिले. "कैद झालेल्या राजाचा बळी! शिलालेखातही हाच चौक सांगितलाय. शर्वाणीताई, माझ्या चित्रपटाचा शेवट मिळाला."

"इतक्यात नाही. ओला चुना घट्ट होताना आसपासच्या आवाजांची कंपनं त्याच्या थरांत अडकतात. एकदा घट्ट झाला की तो बहिरा. आता सांगा, एवढ्या मोठ्या सोहळ्याच्या दिवशी भिंती ओल्या कोण ठेवेल?"

हेमांग पुन्हा खाली बसले. गिलावा सोहळ्याआधीच उरकला जाणार, म्हणजे सोहळा या भिंतीने ऐकलाच नव्हता.

"मग किंचाळतंय कोण?"

"ते कळल्याशिवाय हा आवाज तुम्हाला मिळणार नाही."

"याच आठवड्यात शेवट चित्रित करायचाय, ताई. निर्माते माझा जीव खातील."

"खाऊ देत. पुराव्याशिवाय एकही आवाज वापरणार नाही, असं जगाला तुम्हीच सांगितलंत. मी इथे आले ती त्या शब्दावर."

त्यांनी ढोलाचा नाद गाळून मागची कुजबुज वेगळी काढायला घेतली. हात आखडले, डोळे चुरचुरले, पण यंत्रासमोरून त्या हलल्या नाहीत. अखेर शब्द सुटे झाले, तेव्हा त्यांनी मारिसोलला बोलावलं. मारिसोल भाषातज्ज्ञ होती, आणि शिलालेखांच्या भाषेला जवळची असलेली चोर्ती ही तिची मातृभाषा. ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठी पडली.

"ही तालीम आहे," ती म्हणाली. "राजाच्या मरणाचा खेळ बसवताहेत, नंतरच्या पिढीतले लोक. हा तरुण म्हणतोय, 'मी किंचाळणार नाही. माझे आजोबा इथेच उभे होते. राजाने ओठसुद्धा उघडले नाहीत.'"

"म्हणजे खेळाआधी भिंतींना नवा गिलावा दिला, आणि तो ओला असतानाच इथे तालीम चालली होती," शर्वाणी म्हणाल्या.

"आणि त्याला दटावणारा तो दुसरा आवाज?" हेमांगनी विचारलं.

"तो म्हणतोय, 'मागे बसलेल्यांना ओठ काय दिसणार? किंचाळ!'"

त्यानंतर ढोल, आणि तीच किंकाळी.

हेमांगनी ते पुन्हा लावायला सांगितलं. ऐकून झाल्यावर ते खिन्नपणे हसले. "हा दटावणारा तर माझाच भाऊबंद."

दुपारी निर्मात्याचा फोन आला. "किंकाळी अस्सल आहे ना? मग लावा की!"

"आवाज अस्सल आहे, पण प्रसंग खोटा. नाही लावणार," हेमांग म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चित्रीकरणाच्या सकाळी त्यांनी राजाचं काम करणाऱ्या नटाला बाजूला घेतलं. "किंकाळी काढून टाकलीय. ओठ मिटून पायऱ्या चढायच्या."

नट गोंधळला. "पण सर, मागच्या रांगेतल्या माणसाला कळेल का?"

"कळेल," हेमांग म्हणाले. "कॅमेरा मी जवळ आणतो."